शेवटच्या बाकावरच्या पाळकीणबाई

पाळकाच्या बायकोनं उपासनेत कुठं बसायचं हे आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी ठरवलेलं नव्हतं. पण डाव्या बाजूचा पहिला बाक तिचा, हे लहान मुलांनाही माहीत होतं. नवे पाळकसाहेब बदलून जालन्याला आले त्या पहिल्या रविवारी त्यांच्या बाई त्या बाकापर्यंत गेल्या, त्यावर क्षणभर हात ठेवला आणि परत फिरल्या. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर उशिरा येणारी माणसं आणि रडक्या मुलांच्या आया बसतात. तिथं जाऊन त्यांनी डोक्यावर पदर घेतला. उपासना सुटल्यावर कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अदबीनं सांगितलं, "बाई, तुमची जागा पुढं आहे."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "समोरून सगळेच बरे दिसतात. मला पाठी पाह्यच्या आहेत."

आम्हाला हसू आलं. मी तेव्हा मंडळीत रविवारची शाळा आणि बायकांची सभा सांभाळत होते, अजूनही सांभाळते. पगारी सेवक आम्ही तिघंच होतो. पाळकसाहेब, मी आणि सुवार्तिक दाऊददादा. सुवार्तिक म्हणजे गावोगाव फिरून प्रार्थना घेणारा, घरी जाऊन माणसं भेटणारा. पाळकीणबाई सेवकांमध्ये कुठंच धरलेल्या नव्हत्या. तरी सोमवारी सकाळी बंगल्याच्या ओट्यावर आमची बैठक भरली की चहा देऊन त्या आत जात नसत. उंबऱ्यात बसून भाजी निवडत राहायच्या आणि आमच्याकडे बघत राहायच्या.

त्या कुंभार पिंपळगावच्या. साहेबांची मराठी सेमिनरीत घासूनपुसून स्वच्छ झालेली, एकेक शब्द उच्चारून येणारी. त्या मराठीशेजारी इतकी वर्षं राहूनही बाईंचं 'करून राह्यले' आणि 'न्हाई' जसंच्या तसं होतं. साहेब प्रवचनात 'विरक्ती' म्हणाले की घरी आल्यावर त्या विचारायच्या, "म्हंजे मन उडालं, असंच ना? मंग तसं म्हणा की, लोकायला बराबर समजन." साहेब हसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'विरक्ती'च म्हणायचे.

त्यांची नजर पहिल्यांदा माझ्यावर पडली. माझी आई गेल्यानंतरचं वर्ष होतं ते. मुलांना गोष्टी सांगत होते, गाणी घेत होते, नाताळचं नाटकही बसवलं होतं. काही चुकत नव्हतं. एका रविवारी वर्ग संपल्यावर बाई आल्या आणि म्हणाल्या, "रूथ, तू गोष्ट सांगताना दाराकडं पाहती."

"वेळ बघते, बाई."

"घड्याळ हिकडल्या भिंतीला आहे."

मी सतरंजी गुंडाळायला लागले. त्यांनीही पुढे विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "पुढल्या रविवारपासून वर्ग मी घेते. तू पोरायच्यात बस." आणि खरंच मी मुलांच्यात सतरंजीवर बसू लागले. बाई गोष्ट सांगताना नावं विसरायच्या. नोहाच्या तारवात त्यांनी एकदा म्हशी चढवल्या आणि रेड्याला जागा पुरेना म्हणून मुलांना सरकून बसायला लावलं. मुलं खिदळत होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. किती महिन्यांनी ते आलं होतं! काही आठवड्यांनी त्या एकदम म्हणाल्या, "घे बाई तुझा वर्ग. माझ्याच्यानं न्हाई होत." तेवढंच. त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही.

दाऊददादाच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ राहिली नाही.

दादा म्हणजे आमच्या मंडळीचा आवाज. चाळिशी उलटलेला, धिप्पाड, मोटरसायकलवर बसला की ती खेळण्यातली वाटायची. हिवाळ्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपटांवर, तो संध्याकाळी जायचा. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना स्वतःच मेंढरू होऊन असा ओरडायचा की चुलीपुढच्या बायकाही हात थांबवून बघायच्या. सोमवारच्या बैठकीत तो साहेबांशी कडाक्यानं भांडायचा. "साहेब, कोप्यावरच्या लोकायला छापील पत्रकं देऊन काय फायदा? त्यायच्यासंगं जेवलं पाह्यजे!" कमिटीला तो डोईजड वाटायचा.

मग करोनाची दुसरी लाट आली. साहेब स्वतः दवाखान्यात होते. माणसं पटापट जात होती, आणि घरचे एक तर आजारी, नाही तर घाबरलेले. कब्रस्तानात प्लास्टिकचा तो पांढरा पोशाख घालून एकटा दादाच उभा राहायचा. खड्डा खणणारी माणसं लांब थांबायची. तो पुस्तक उघडून पूर्ण विधी वाचायचा, एक ओळ गाळायचा नाही. लाट ओसरल्यावर मंडळीनं त्याचा सत्कार केला. शाल दिली, टाळ्या झाल्या. त्या दिवसांत तुझं काय झालं, हे मात्र कुणी त्याला विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर दादा बदलला. बैठकीला वेळेवर यायचा. साहेब काही सुचवतील त्याला "बरं" म्हणायचा. गावोगावच्या भेटी ठरल्याप्रमाणे करायचा, कुठं चुकवायचा नाही. कमिटी खूश. "दाऊद आता समजूतदार झाला," असं जो तो म्हणायला लागला. साहेबही एकदा चहा पिताना तेच म्हणाले. उंबऱ्यातून बाईंचा आवाज आला, "समजूतदार न्हाई झाला, निघून गेलाय त्यो. खुर्चीत नुसता त्याचा शर्ट येऊन बसतो."

साहेब चिडले. "तुम्ही प्रत्येकात काहीतरी शोधता."

"भांडत होता तवा त्याला वाटत होतं, आपण म्हणल्यानं काही होईन. आता त्याला तसं वाटून न्हाई राह्यलं."

त्या डिसेंबरात बाई आणि मी दादाबरोबर कोप्यांवर गेलो. ऊन उतरत होतं, पाचटाचा धूर सगळीकडे बसला होता. दादानं मेंढराचीच गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एखादी सूचना वाचून दाखवावी तशी. भाकरी थापणारी एक बाई म्हणाली, "दादा, मागं आल्ते तवा तुम्ही मेंढरासारखे वरडायचे की!"

"घसा बसलाय," दादा म्हणाला.

परतताना अंबडच्या अलीकडे एका हॉटेलवर आम्ही चहाला थांबलो. बाईंनी बशीत चहा ओतला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "दाऊद, कवापासून घसा बसलाय रे?"

त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "बाई, कब्रस्तानात पाळक वाचतो आन् लोक आमेन म्हणतात. त्या दिसांत लोकच नव्हते. मीच वाचायचो, मीच आमेन म्हणायचो. एक दिवस माझाच आवाज भिंतीवर आपटून माघारी आला. तवापासून प्रार्थना करतो तर तेच होतं. माझंच मला ऐकू येतं. पलीकडं कोणी असल्यासारखं वाटतच न्हाई."

"साहेबायला सांगितलं?"

"काय सांगू? सुवार्तिकाला देव ऐकू येत न्हाई म्हणून?" तो हसला. ते हसू बघवत नव्हतं. "घरी लेकरं आहेत, बाई. आन् मला दुसरं येतं काय?"

त्या रात्री बाईंना झोप लागली नसावी. सकाळीच त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या मनात एक गोष्ट बसली होती. दादानं एकट्यानं मातीआड केलेल्या प्रत्येक माणसाच्या कबरीपाशी घरच्यांना बोलवायचं, दादानं तेच वचन पुन्हा वाचायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. "त्याचं आमेन बाकी राह्यलंय," त्या म्हणाल्या. "ते त्याला दिलं पाह्यजे."

साहेब म्हणाले, दफनविधी दुसऱ्यांदा होत नसतो. कमिटीतले म्हणाले, लोकांच्या जखमा कशाला उघडायच्या? बाई एकेकाच्या घरी गेल्या. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून, भर उन्हात, रिक्षा मिळाली तर रिक्षानं, नाही तर पायी. बहुतेकांनी नंतर बघू म्हणून सांगितलं. शेवटी तीन घरं तयार झाली. दादानं नेहमीप्रमाणे "बरं" म्हटलं. ते 'बरं' ऐकून तरी आम्ही थांबायला हवं होतं, असं आज वाटतं.

शनिवारची दुपार होती. पहिल्या कबरीपाशी म्हातारी आई आणि दोन सुना. दादानं वाचलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं, म्हातारी रडली आणि दादाच्या हाताला धरून म्हणाली, "आज माझं लेकरू गेलं." दुसऱ्या कबरीपाशीही नीट झालं. बाईंच्या चेहऱ्यावर मला उजेड दिसायला लागला होता. तिसऱ्या कबरीपाशी एक तरुण मुलगी होती, वडील गेलेली. दादा वाचायला लागला तेवढ्यात ती म्हणाली, "अंकल, ते जाताना काही बोलले होते का? तुम्ही होता ना तिथं?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. तो फक्त पुरायला होता, मरताना नव्हता. पण हे सांगण्यापुरताही आवाज त्याच्यात उरला नव्हता. पुस्तक मिटून त्यानं बाईंच्या हातात दिलं आणि फाटकाकडे चालायला लागला. मोटरसायकल तिथंच सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना फोन करून सांगितलं, की आजपासून मी सेवेत नाही. आठवड्याच्या आत तो एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला.

सगळा दोष बाईंवर आला. "चांगला चाललेला माणूस उखडून काढला," असं लोक तोंडावर बोलले. साहेब बोलले नाहीत. पण कित्येक दिवस जेवायला बसले की ते ताटाकडेच बघत राहायचे. बाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही. एकदा मात्र स्वयंपाकघरात मान खाली घालून मला म्हणाल्या, "मी जखम पाह्यली आन् जल्दी हात घातला, रूथ. आधी नुसतं बसाया पाह्यजे होतं जवळ. तुझ्या टायमाला बसले होते. त्याच्या टायमाला भ्याले. वाटलं, हातचा जाईन. आन् गेलाच."

मग त्यांनी बसायलाच सुरुवात केली. दर गुरुवारी दुपारी त्या दादाच्या घरी जायच्या. माझी सुट्टी असली की मीही जायचे. दादा रात्रपाळी करून आलेला असायचा, आतल्या खोलीत, पडद्याआड. बाई बाहेर त्याच्या बायकोजवळ, मार्थाजवळ, बसायच्या. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायच्या, मुलांच्या शाळेचं बोलायच्या. मंडळीचं, देवाचं, सेवेचं अवाक्षर नाही. एकदा मार्था हळूच म्हणाली, "बाई, ते झोपलेले नसतात. तुम्ही आल्या की सोंग घेतात."

"घेऊ दे. सोंग घ्यायलाबी माणूस जागा लागतो."

असे किती गुरुवार गेले कोण जाणे. उन्हाळा आला, पाण्याचे टँकर आले, पाऊस येऊन गेला. पडदा काही हलला नाही. मी वैतागून एकदा म्हणाले, "बाई, काही उपयोग आहे का याचा?" त्या चालता चालता थांबल्या. "मला काय म्हाईत? मीबी आता प्रार्थना करते तर शब्द जमून न्हाई राह्यले. पण घरी बसून तरी काय करू?" त्यांनी तेव्हा माझ्या खांद्याचा आधार घेतला होता. मला वाटलं, उन्हानं.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार असेल. बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आतून पडदा बाजूला झाला आणि दादा बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट. तो बाईंच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि त्यांच्या डोळ्यांकडे निरखून बघायला लागला.

"बाई, जरा उजेडाकडं पाहा."

"काय झालं रे?"

"डोळे पिवळे झालेत तुमचे. कवापासून?"

बाई हसण्यावारी न्यायला लागल्या. दादा उठला. "मार्था, चपला दे त्यायच्या. मी घेऊन जाऊन राह्यलो."

मोटरसायकलवर मागे बसवून त्यानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथून तपासण्या, मग संभाजीनगरचा मोठा दवाखाना. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती पसरलेली होती. त्यांच्यासोबत एका घरात राहणाऱ्या साहेबांना काही दिसलं नव्हतं. दर आठवड्याला शेजारी बसणाऱ्या मला दिसलं नव्हतं. वर्षभर पडद्याआड निजलेल्या माणसाला ते दिसलं.

त्यानंतर दादा पुन्हा पडद्यामागे गेलाच नाही. रात्रपाळी करायचा, सकाळी बंगल्यावर यायचा, मोसंबीचा रस काढून चमच्यानं पाजायचा, साहेबांना मंडळीच्या कामाला पाठवायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. बाईंच्या भेटीला मंडळीतली माणसं यायची, मोठमोठ्यानं प्रार्थना करायची, बरं वाटेल म्हणून सांगायची. बाई डोळे मिटून घ्यायच्या. सगळे गेल्यावर एकदा त्या म्हणाल्या, "दाऊद, मला भ्याव वाटून राह्यलं."

मला वाटलं, आता तो एखादं वचन सांगेल. तो म्हणाला, "भ्या, बाई. मी बसलोय."

"प्रार्थना येती का रे तुला आता?"

"न्हाई."

"मलाबी न्हाई येत," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला. दुपारभर दोघं तशीच होती. मी बाहेर ओट्यावर बसून रडत होते.

जानेवारीत बाई गेल्या. दुसऱ्या गावच्या पाळकांनी विधी केला. लोक खूप आले. ज्यांनी तोंडावर दोष दिला होता ते सगळ्यांत जास्त रडले. दादा पेटीला खांदा देऊन आला, माती लोटली आणि कुणाशी न बोलता कामावर गेला. तो सेवेत परत आला नाही. येणारही नाही, असं त्यानं मला सांगितलंय. पण गाळप सुरू झालं, टोळ्या आल्या, की सुट्टीच्या दिवशी तो अंकुशनगरला जातो. काय करतो म्हणून विचारलं तर सांगतो, "जेवतो त्यायच्यासंगं." बाकी काही सांगत नाही.

बाईंना पुरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी साहेबांनी वेळेवर उपासना सुरू केली. प्रवचन नेहमीसारखं मुद्देसूद झालं. कुठं अडखळले नाहीत, रुमाल काढला नाही. बाहेर लोक म्हणत होते, किती खंबीर माणूस. पुढचा रविवारही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. सोमवारच्या बैठकीला आता आम्ही दोघंच होतो. मी काही सुचवलं की ते "हरकत नाही" म्हणायचे. एका सोमवारी मी मुद्दाम काहीतरी वेडगळ सुचवलं, नाताळचं नाटक मे महिन्यात घेऊ या म्हणून. साहेब म्हणाले, "हरकत नाही."

मी फाटकाबाहेर आले आणि दादाला फोन केला. रात्रपाळी संपवून तो तसाच खाकी शर्टावर आला. साहेब ओट्यावर होते त्याच जागी बसलेले होते. "सलाम, साहेब," दादा म्हणाला. साहेबांनी मान हलवली. मी काहीतरी बोलायला लागले. दादानं मला नजरेनंच गप्प केलं आणि म्हणाला, "साहेब, चला आत. चहा करतो."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. दादानं पातेल्यात पाणी ठेवलं, गॅस पेटवला, चहाची पूड समोरच होती ती टाकली. मग फळीवरच्या डब्यांकडे बघून विचारलं, "साखर कशात असती?"

साहेब फळीकडे बघायला लागले. एकसारखे स्टीलचे डबे ओळीनं मांडलेले होते. ते एका डब्याशी हात नेत, थांबत, दुसऱ्याशी नेत. "माहीत नाही," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मला माहीत नाही, दाऊद. मी कधी विचारलंच नाही तिला." आणि तिथंच खाली, थंड फरशीवर बसून ते लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांच्या तोंडून शुद्ध, अशुद्ध, कसलाच शब्द फुटेना.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दादानं गॅस बारीक केला आणि एकेक डबा खाली काढून, झाकण उघडून बघत राहिला.